मामांच्या पट्टीवरचं पिवळं

माझ्या सख्ख्या मामांचं पोट एकाच आठवड्यात दोनदा फाडलं जाणार होतं, आणि दुसऱ्यांदा फाडायची सगळी तयारी मी एकटीने केली होती.

नर्सिंगची परीक्षा पास होऊन मी हिंगोलीतल्या एका दवाखान्यात लागले, त्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते. माझी ड्युटी सर्जिकल वॉर्डात, म्हणजे जिथं ऑपरेशन झालेले पेशंट ठेवतात तिथं. आमच्या गावात, कुरुंद्याला, मात्र 'वैशाली डॉक्टरीण झाली' अशी बातमी पसरली होती. मी ती खोडून काढली का? छे! लोक फोनवर गुडघे विचारायचे, कान विचारायचे, एकाने तर म्हशीचे ढाळ विचारले. मी सगळ्यांना एकच सांगायचे, "भरपूर पाणी प्या." (म्हशीलासुद्धा!)

वॉर्डात मात्र माझी डॉक्टरकी चालेना. पहिल्याच आठवड्यात मी सात नंबरच्या कॉटवरच्या माणसाचा ताप पाहिला, बीपी घेतलं आणि सगळं सुवाच्य अक्षरात चार्टवर लिहिलं. राउंडला आलेले डॉक्टर खूश झाले. सत्तरीचा म्हातारा आणि बीपी एका रात्रीत तरण्या माणसासारखं! मग चौकशी झाली. कॉटवर पांघरूण घेऊन पडला होता तो म्हाताऱ्याचा जावई. म्हातारा बाहेर टपरीवर चहा पीत होता.

"अहो, मग तुम्ही बोलला का नाही?" मी जावयावर ओरडले.

"मला काय म्हाईत बाई! म्हणलं, सोबत आलेल्याचंबी बघत असतेल इथं."

त्या दिवशी आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज, शेख सिस्टर, मला बाजूला घेऊन गेल्या. कळमनुरीच्या, पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या बाई. त्यांना कधी आवाज चढवावा लागत नाही, नुसता चष्मा नाकावर सरकवला की वॉर्ड गप्प होतो.

"बेटा, महिना संपेपर्यंत बघते मी. जमलं तर वॉर्डात ऱ्हा. न्हाई जमलं तर केसपेपरच्या खिडकीला बसवते. तिथं चुकलीस तर फक्त नाव चुकतं, माणूस मरत न्हाई."

केसपेपरची खिडकी! तीन वर्षं घासून अभ्यास केला तो खिडकीत बसून "नाव? वय? गाव?" विचारायला? माझ्या वडिलांनी, आप्पांनी, माझा पांढऱ्या ड्रेसातला फोटो साऱ्या कुरुंद्याला दाखवला होता. गिरणीवाल्याला तर दोनदा. मी चादरींच्या खोलीत जाऊन पोटभर रडले आणि ठरवलं, आता या वॉर्डात काहीतरी करून दाखवायचंच.

नेमके अशात मामा भरती झाले. पित्ताशयात खडे होते. मामांनी आल्या आल्या शिपायापासून सर्जनपर्यंत सगळ्यांना सांगितलं, "माझी भाची हाये हितं, मला काय टेन्शन न्हाई!" भाची खिडकीच्या वाटेवर आहे, हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं?

ऑपरेशन झकास झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा उठून बसले आणि वॉर्डातल्या पेशंटना शेतीचे सल्ले देऊ लागले. त्याच वेळी सुमनमामीने मला खुणेने बोलावलं. मामी फार बोलत नाही, पण जे मनात येईल ते केल्याशिवाय राहत नाही.

"वैशू, जखमंवर काय औषध लावलंय गं?"

"वरून काही नाही मामी. औषध सलाईनमधून जातं. वर नुसती पट्टी."

"नुसतीच? येवढं फाडलंय अन् वरून कोरडं?"

मला हसू आलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी डॉक्टर ठेवतात तसा. "मामी, ते आमचं काम आहे. तुम्ही निवांत राहा." आणि मी ताठ मानेने निघून आले. मामीने आपली पिशवी जवळ ओढून घेतली. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात आले आणि मामांच्या पट्टीकडे बघितलं. पट्टी पिवळी झाली होती. कडेला हळूहळू पसरत चाललेला ओला पिवळा डाग होता. पुस्तकातलं अख्खं पान माझ्या डोळ्यासमोर उभं राहिलं. पित्ताशयाचं ऑपरेशन, पट्टीवर पिवळा ओलावा, म्हणजे आत पित्त गळतंय! या प्रश्नाला परीक्षेत मला दहापैकी नऊ मार्क मिळाले होते.

"मामा, पोटात दुखतंय का?"

"न्हाई गं. भूक लागलीय. चहा पिऊन राहिलो."

"चहा सोडा!" मी त्यांच्या हातातला कप हिसकावला आणि मनगट धरून नाडी मोजली. एकशे वीस! (नाडी बोटांनी मोजायची असते. अंगठ्याने मोजली की आपलीच लागते. मी अंगठ्याने मोजली. एकशे वीस माझी होती!)

शेख सिस्टर खाली औषधांच्या स्टोअरमध्ये गेल्या होत्या. त्यांना बोलवायला पाहिजे होतं, कबूल. पण डोक्यात खिडकी घुसलेली! म्हटलं, आज दाखवूनच देते. मी थेट सर्जनना फोन लावला.

"सर, चार नंबर, पित्त गळून राहिलंय! नाडी एकशे वीस!"

"तोंडाने काहीही देऊ नका. ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगा. मी निघालो."

मी धावत सुटले. थिएटरला कळवलं, रक्त तपासणीवाल्याला बोलावलं, स्ट्रेचर आणवलं. इतकी सलग कामं मी तीन आठवड्यांत केली नव्हती. मामा नुसते बघत होते.

"काहून गं पोरी? मला पुन्यांदा कापून राहिले का?"

"आतून पिवळं पाणी येतंय मामा. बोलू नका, ताकद जाते."

हे ऐकून मामीने कपाळाला हात लावला. "मी कालच म्हणलं व्हतं! वरून कोरडं ठिवलं म्हणून झालं हे!" तिने गावाकडं फोन केला आणि कुरुंद्याहून एक जीप भरून माणसं निघाली. मामांच्या डोळ्यात पाणी आलं, आणि त्यांनी बाजूच्या पेशंटला हळूच सांगितलं की वरचं वावर धाकट्या पोराला द्यायचं. माझे मामा! मला सायकल शिकवणारे!

पाच मिनिटांनी मी पुन्हा पट्टी बघितली, तर डाग दुप्पट झालेला! मी पुन्हा फोन लावला. "सर, वाढून राहिलंय! लवकर या!"

तेवढ्यात शेख सिस्टर वर आल्या. स्ट्रेचर बघितलं, रडणारी मामी बघितली, मग माझ्याकडं बघितलं. चष्मा नाकावर सरकला.

"पट्टी उघडून बघितली का?"

"न्हाई... म्हणजे वरूनच दिसतंय ना सिस्टर..."

त्यांनी हातमोजे घातले, पट्टीची एक कड अलगद उचलली, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि वाकून वास घेतला. मी सकाळपासून मास्कमध्येच होते, मला कसला वास येतोय!

"बेटा," त्या शांतपणे म्हणाल्या, "हे पित्त न्हाई. याच्यात नुसते जिरे-मोहरी टाकायचे बाकी आहेत."

मग त्या मामीकडं वळल्या. "ताई, हळद कुठली?"

"घरची!" मामीने डोळे पुसले आणि पिशवीतून डबी काढली. "यंदाचीच हाये. घरी कुटलेली, एकदम अस्सल. खोबरेल तेलात कालवून आणली व्हती."

"कधी लावली?"

"येकदा पहाटं, हे झोपले व्हते तवा. अन् येकदा आत्ताच, हे डोळे मिटून पडले व्हते तवा, पोरगी म्हणली ना आतून पिवळं पाणी येतंय म्हणून!"

वॉर्डात कुणीतरी हसलं. मी जावयाच्या कॉटकडं बघितलं. तो नव्हता, म्हाताराच हसत होता.

"मामी!" मी ओरडले. "मला विचारलं का न्हाई?"

मामी एकदम बारीक आवाजात म्हणाली, "कसं इचारू माय? तूच म्हणलीस, वरून काय लावलं न्हाई. मला वाटलं, नोकरी नवी हाये, लेकरू इसरलं असल. साहेबाला कळलं तर तुझी नोकरी जाईल. म्हणून मी कुणाला कळू न देता लावली."

मी तिच्या नवऱ्याचं पोट फाडायला निघाले होते आणि ती माझी नोकरी सांभाळत होती! लाज वाटली, खरंच लाज वाटली.

सर्जन धापा टाकत आले. जखम उघडली, नीट धुतली. हळद पट्टीतच मुरली होती, टाके कोरडेच्या कोरडे. मामांची नाडी त्यांनी स्वतः मोजली, बहात्तर. ते माझ्याकडं वळले तेव्हा शेख सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या.

"सर, पिवळं बघून तिनं फोन केला, ते बराबर केलं. बाकी सगळं चुकलं, त्याचं मी बघते."

कुरुंद्याची जीप पोचली तेव्हा मामा चहा पीत होते. त्यामुळं गावात गोष्ट अशी गेली की डॉक्टर पुन्हा पोट फाडणार होते, स्ट्रेचरसुद्धा आलं होतं, पण सुमनच्या हळदीनं माणूस वाचला. आता म्हशीचं विचारायलाही लोक मामीला फोन करतात.

महिना संपला. मी शेख सिस्टरांसमोर उभी राहिले. त्यांनी ड्युटीचा कागद पुढं ओढला.

"वॉर्डातच ऱ्हा तू," त्या म्हणाल्या. "खिडकीला बसवलं तर येणारा प्रत्येक माणूस थिएटरला पाठवशील. इथं निदान मी तरी आहे मध्ये."

मी हे कौतुक समजून अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले!