स्केव्होसचे अठ्ठेचाळीस मीटर

ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरच्या माणसाला वय विचारा, दोन वर्षं कमी सांगेल. पाण्यात किती खोल गेला होतास विचारा, आकडा दुप्पट होऊनच बाहेर येईल. त्याला इथे कोणी खोटं म्हणत नाही. ऐकणारा मनातल्या मनात निम्मे वजा करतो आणि कॉफीचा घोट घेतो. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राच्या तळाचे स्पंज कापून पोटं भरली, तेव्हा एवढी सूट हवीच की!

स्केव्होस या कलेत चांगलाच मुरलेला. सत्तरीला टेकला तरी खांदे दाराच्या चौकटीला घासायचे. स्पंजाचा धंदा बसल्यापासून तो छोट्या होडीवर मासे धरत होता. होडीचं नाव थेमेलिना, म्हणजे बायकोचंच. म्हणायचा, "दोघींना दर वर्षी नवा रंग लागतो, आणि दोघी वाऱ्याच्या उलट जातात." मग खऱ्या थेमेलिनाच्या हातातलं ओलं फडकं त्याच्या पाठीत बसायचं.

गेल्या शरदात तो आणि त्याचा जुना सोबती नोमिकोस माल्टाला गेले, हौसेने बुड्या मारायला. जन्मभर पोटासाठी बुडालेली माणसं आता पैसे भरून बुडायला निघाली, म्हणून गाव पोट धरधरून हसलं. त्यासाठी एका मिसरूड न फुटलेल्या पोराकडून दोघांना पोहण्या-बुडण्याचा दाखला घ्यावा लागला. वर प्रवासाचा विमा.

विम्याचे कागद आले तेव्हा थेमेलिना म्हणाली, "जरा वाच तरी."

"मी समुद्र वाचलाय. कागद काय वाचायचा?"

माल्टात दुसऱ्याच दिवशी बुडी मारून वर आला नि खांद्यात अशी कळ निघाली की गडी फळीवर आडवा. पाण्याचा मार, म्हणजे खोलातून वर येताना अंगात हवेचे बुडबुडे धरतात तो. कालिम्नोसला काठी टेकत चालणारे म्हातारे दिसतात, त्यांना विचारा तो काय असतो. तिथल्या इस्पितळात त्याला लोखंडी टाकीत निजवून दाबाची हवा दिली, तेव्हा हात हलला. मग बिल आलं. ते खिशातून भरायचं तर होडी विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"विमा आहे ना!" स्केव्होस म्हणाला.

विमा कंपनीची मुलगी, पोलिक्सेनी, चौकशीला ऱ्होड्सहून बोटीने आली. शहाण्याने तिला घरी बसवलं असतं. याने धक्क्यावरच्या कॉफीघरात बसवलं. चारचौघांत सांगण्यासारखी कहाणी घरात कोण वाया घालवणार?

"काका, किती खोल गेला होतात?"

स्केव्होसने मिशीवरून हात फिरवला. "अठ्ठेचाळीस मीटर!"

"वा रे पठ्ठ्या!" कोपऱ्यातून नव्वदीचा मिखालिस ओरडला. त्याची स्वतःची सत्तर मीटरची बुडी अख्ख्या गावाला तोंडपाठ होती.

"मी पन्नास," नोमिकोस म्हणाला. "याच्या खालीच होतो."

पोलिक्सेनीचं पेन थांबलं. "काका, तुमचा विमा तीस मीटरपर्यंतचाच आहे. त्याखाली काही झालं तर कंपनी एक युरोसुद्धा देत नाही."

चाळा म्हणून सगळ्यांच्या बोटांत फिरणाऱ्या मण्यांच्या माळा जागच्या जागी थांबल्या.

"हे कुठे लिहिलंय?"

तिने पान उलटून वाचायला सुरुवात केली. एकट्याने मारलेली बुडी विम्यात नाही. दारू पिऊन मारलेली नाही. दाखल्याशिवाय नाही. मजुरीसाठी किंवा विकायला माल काढण्यासाठी मारलेली नाही.

"अगं पोरी, मग विम्यात बसतं तरी काय?" मिखालिस म्हणाला. "बादलीत पाय बुडवणं?"

"दाखला, सोबती, शुद्ध आणि तीसच्या आत, एवढं असेल तर पाण्याचा मार विम्यात बसतो. टाकीचं बिलही बसतं. म्हणूनच खोली विचारली."

स्केव्होसच्या तोंडचं पाणी पळालं. दारातून होडी दिसत होती, निळा रंग अजून ओला. माल्टात पाण्याखाली वाट दाखवणाऱ्या वाटाड्याने त्याला नेलं होतं कुठवर, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ते इथे बोलायचं? या खुर्चीवर बसून सांगितलेला प्रत्येक आकडा मग उघडा पडणार!

थेमेलिना केव्हा आली कोण जाणे. दारातूनच म्हणाली, "बोल."

"सव्वीस," तो पुटपुटला.

"मोठ्याने. होडीला ऐकू जाऊ दे."

"सव्वीस!"

पोलिक्सेनी चक्रावली. "मग अठ्ठेचाळीस कशाला सांगितलंत?"

"पोरी, आमच्याकडे सव्वीसला अठ्ठेचाळीसच म्हणतात."

"आणि तुम्ही यांच्या खाली होतात ना?" तिने नोमिकोसकडे वळून विचारलं.

"मी... वर होतो," नोमिकोसने मान खाली घातली. "कान दुखत होते माझे."

"मेल्या, आणि वरून मलाच गावभर भित्रा म्हणत होतास?" स्केव्होस उसळला.

पोलिक्सेनीने तिथूनच माल्टाच्या वाटाड्याला फोन लावला. तोही सव्वीसच म्हणाला. तिने अठ्ठेचाळीसवर काट मारली आणि पेन पुढे केलं. एवढ्या उथळ आकड्याखाली स्केव्होसने जन्मात सही केली नव्हती. केली. होडी वाचली.

मग कोपऱ्यातून मिखालिसचा बारीक आवाज आला.

"आता निघालंच आहे तर सांगतो. माझे ते सत्तर मीटर... चाळीसही नव्हते."

स्केव्होस ताडकन उठला. त्या सत्तरच्या मागे लागून विशीत तो खरोखरच साठ मीटरच्याही खोल गेला होता. डाव्या पायाची दोन बोटं तेव्हापासून बधिर होती.

"मिखालिसदादा! मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"मला काय ठाऊक," म्हातारा कळवळून म्हणाला, "की तू वजा न करता ऐकतोयस!"