भोंगाबाईची हजेरी

हेसल गावात लिओटा कास्परला भोंगाबाई म्हणत, आणि अगदी तोंडावर म्हणत. कॅन्ससच्या गव्हाच्या सपाटीवरचं सहाशे वस्तीचं गाव ते. तिथे पाठीमागे बोलण्यात कुणाला मजाच वाटत नाही. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. गावातलं निम्मं माणूस लहानपणी तिच्या आरशाला घाबरून मुकाट बसलेलं. तरी बाईला कुणी सोडलं नाही.

नाव पडलं ते अकरा वर्षांपूर्वी, माजी विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या दिवशी. मेच्या शेवटच्या शनिवारी होणारं हे जेवण म्हणजे हेसलचा सगळ्यात मोठा सण. डेन्व्हरला गेलेला, विचिटाला गेलेला, जो कुणी या शाळेतून पास झाला तो येतो, शाळेच्या व्यायामशाळेत टेबलं मांडतात, आणि जेवण झालं की हजेरी होते. सगळ्यात जुन्या वर्गापासून एकेक नाव पुकारतात. जो आहे तो उभा राहून ‘हजर’ म्हणतो. जो वारला त्याच्या नावाला त्याच्या वर्गातलं कुणीतरी ‘नाही’ म्हणतं. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, पण हेसलमध्ये माणूस खरा मेला तो त्या ‘नाही’नंतरच.

तर त्या संध्याकाळी पाहुण्यांना जेवणाला सोडून लिओटा रिकामी बस गॅरेजला लावायला चालली होती. गावात नऊजण आभाळवाले होते. ढगांवर नजर ठेवायची आणि काही दिसलं तर रेडिओवरून वादळाचा भोंगा वाजवणाऱ्या सरकारी कचेरीत कळवायचं, हा त्यांचा बिनपगारी उद्योग, आणि लिओटा त्यातली सगळ्यात जुनी. काळ्या ढगाखाली तिला एक चिंधी लोंबताना दिसली, आणि चालत्या बसमधून ती चिंधी गरगर फिरताना दिसली. आभाळवाल्याने करू नये ती नेमकी हीच चूक. आपण चालत असलो की ढगही फिरतोयसा भासतो. तिला हे माहीत होतं, दुसऱ्यांना तिनेच शिकवलं होतं, आणि तरीही ती रेडिओवर ‘टोर्नेडो’ म्हणून मोकळी झाली. भोंगा वाजला. एकशे ऐंशी माणसं सणाच्या कपड्यांत जुन्या शाळेच्या तळघरात दीड तास उभी राहिली. वर झुळूकसुद्धा आली नाही. व्यायामशाळेचं दार उघडं राहिलं होतं. वीस किलो रोस्ट बीफवर गावातल्या कुत्र्यांनी मनसोक्त ताव मारला.

दुसऱ्या दिवशी लिओटा रेडिओ परत करायला कचेरीत गेली. तिथल्या म्हाताऱ्या साहेबाने तो घेतला नाही. तो एवढंच म्हणाला, “दुसऱ्यांदा खोटा वाजला, तर तिसऱ्यांदा कुणी उठणार नाही. तेवढं लक्षात ठेव.” हे वाक्य तिच्या छातीत रुतून बसलं ते कायमचं. लोकांची थट्टा तिने हसून घेतली. या वाक्यावर मात्र ती कधी हसली नाही.

तेव्हापासून तिने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. गावाच्या पूर्वेला दोन मैलांवर एक उंचवटा आहे, तिथे कुंपणाचे जुने दगडी खांब आहेत. या भागात झाडं नव्हती तेव्हा आजोबा-पणजोबांनी खडक फोडून हे खांब घडवले. लिओटा तिथे गाडी थांबवायची, इंजिन बंद करायची, खाली उतरायची, एका खांबाच्या कडेला ढग धरायची आणि घड्याळ लावून तीन मिनिटं बघायची. खांब हलत नाही, त्यामुळे हलतोय तो ढगच. तीन मिनिटं पुरी झाल्याशिवाय ती तोंड उघडायची नाही. अकरा वर्षांत तिने शंभर ढग खांबाला लावले असतील, आणि ‘टोर्नेडो’ हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

या वर्षी मात्र आभाळाचं डोकं फिरलं होतं. रोज सकाळी सात वाजता ती अंगणातलं पर्जन्यमापक बघून वहीत लिहायची, आणि त्या वहीत यंदा काय काय आलं होतं! १४ फेब्रुवारी, भर थंडीत ऐंशी अंश फॅरनहाइट, ही कुणाची चेष्टा? २० एप्रिल, फुललेल्या लायलॅकवर चार इंच बर्फ. ९ मे, अजून एकही गडगडाट नाही. मग मेच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिणेकडून असा ओला वारा सुटला, की सकाळी सातला चष्म्यावर वाफ धरायला लागली.

शनिवारी सकाळी धान्य सोसायटीच्या कॉफीच्या टेबलावर व्हर्जिल डिट्झ तिची वाटच बघत होता. व्हर्जिल तिच्याच वर्गातला, गावातला पहिल्या नंबरचा टवाळ, आणि जेवणाच्या सभेचा माइक गेली वीस वर्षं त्याच्याच हातात.

“काय गं भोंगाबाई, संध्याकाळी बीफला झाकण लावायचं का कुत्र्यांना आवतण धाडायचं?”

“तुला बोलावलंय ना? मग कुत्र्यांना वेगळं कशाला सांगायचं.”

टेबल हसलं. व्हर्जिलही हसला. मग जरा आवाज उतरवून म्हणाला, “लिओटा, आज आपल्या वर्गाला पन्नास वर्षं होताहेत. पुढचं टेबल आपलं. अठरापैकी नऊजण उरलोत. आज तरी ढगबिग सोडून वेळेवर ये.”

“येते रे बाबा. निळा ड्रेससुद्धा काढून ठेवलाय.”

दुपारी चारला नैऋत्येला ढगांचे मनोरे उभे राहिले. आभाळवाले बाहेर पडले. साडेपाचपर्यंत वादळ गावाच्या दक्षिणेने गडगडत पुढे निघून गेलं, पूर्वेकडे, जसं ते नेहमी जातं. या मुलखात वादळं पश्चिमेकडून येतात आणि पूर्वेकडे जातात. एकदा पुढे गेलेलं वादळ म्हणजे शेजारच्या गावाचं दुखणं. बाकीच्या आठही आभाळवाल्यांनी रेडिओ बंद केले, आंघोळी केल्या आणि टाय लावून जेवायला बसले. लिओटाचा नवरा ऑर्वल पुढच्या टेबलाशी तिची खुर्ची धरून बसला.

लिओटाही निळ्या ड्रेसमध्ये निघाली होती. अंगणात तिच्या मानेला वारा लागला आणि ती थांबली. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे, त्या गेलेल्या वादळाच्या दिशेने ओढला जात होता. त्यात नवल नाही. वादळ हवा ओढतंच. पण वादळ लांब गेलं की ओढ कमी व्हायला हवी. इथे ती वाढत होती. लिओटाने दोन मिनिटं उभं राहून पुन्हा पाहिलं. ड्रेस पायांना चिकटून फडफडत होता. तिने गाडी शाळेकडे वळवली, शाळा समोर दिसली, आणि शिवी हासडून ती पूर्वेच्या रस्त्याला लागली.

उंचवट्यावर तिने इंजिन बंद केलं आणि लांब तारेचा रेडिओ हातात घेऊन खांबाशी गेली. पूर्वेला ढगाचा तळ काळाकुट्ट, जमिनीला टेकायला आल्यासारखा. त्याच्याखाली एक राखाडी पट्टा दिसत होता. पाऊस असेल, धूळ असेल किंवा अकरा वर्षांपूर्वीची ती चिंधी असेल. तिने त्याची डावी कड खांबाच्या कडेला लावली आणि घड्याळ बघितलं. सहा वाजून चाळीस.

पहिलं मिनिट. पट्टा खांबाच्या डावीकडे सरकला नाही. उजवीकडेही नाही.

रेडिओवर कर्टिस बोलला. कचेरीत आता हा पस्तिशीचा पोरगा बसायचा. पहिली ते बारावी तिच्याच बसमधून गेलेला. “कास्परबाई, तुम्ही अजून बाहेरच? वादळ गेलं की. रडारवर पूर्वेलाच जाताना दिसतंय. जा, जेवून घ्या.”

“थांब जरा.”

रडार लांबच्या शहरात होतं. त्याचा झोत हेसलपर्यंत येईतो पार उंच जायचा, त्याला ढगाचं डोकं दिसायचं, पाय नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसरं मिनिट. पट्टा जागचा हलला नाही, पण रुंद झाला. बाजूला न सरकता जे मोठं होत जातं ते दूर जात नसतं, ते आपल्याकडे येत असतं. वादळ पूर्वेकडून पश्चिमेला येत होतं! असं तिने अडुसष्ट वर्षांत पाहिलं नव्हतं. गावात कुणाला सांगितलं असतं तर तिला वेड्यात काढलं असतं. बोलू का? बोलून टाकू का? व्यायामशाळेत दोनशे माणसं होती आणि त्यांच्या डोक्यावर खांब नसलेलं भलंमोठं पत्र्याचं छप्पर. आणि पुन्हा खोटं निघालं, तर पुढच्या वेळी खऱ्या भोंग्यालाही ही माणसं हसत बसून राहतील. तिची जीभ ‘टो’वर येऊन ठेपली होती. तिने दात आवळले आणि खांबाला गच्च धरून उभी राहिली. ते तिसरं मिनिट तिला तिच्या सगळ्या आयुष्याहून लांब वाटलं.

पट्ट्याच्या बुडाशी एक वीजखांब निळा चमकून विझला. मग दुसरा. पट्टा फिरत होता, खांबाच्या कडेवर स्वच्छ, डावीकडून उजवीकडे, आणि बुडाशी मातीचा लोट उठला होता.

सहा त्रेचाळीस.

“कर्टिस, लिहून घे. कास्पर, पूर्वेच्या उंचवट्यावरून. टोर्नेडो जमिनीवर आहे. माझ्यापासून तीन मैल पूर्वेला. गावाकडे येतोय.”

कर्टिसचा आवाज आला, लहानपणी बसमध्ये यायचा तसा बारीक. “पश्चिमेला येतोय? कास्परबाई... गाडी बंद आहे ना?”

“बंद आहे.”

“खांबावर धरलंत?”

“तीन मिनिटं धरलंय. वाजव पोरा. माझ्या नावावर वाजव.”

तिला दोन मैलांवरून भोंगा ऐकू आला. तो ऐकून तिला रडू फुटलं, हे तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही. रडायला वेळही नव्हता, कारण गावाच्या वाटेवर मध्ये तीच उभी होती. तिने गाडी दक्षिणेला पिटाळली. मैलभरात लिंबाएवढ्या गारांनी पुढची काच फोडली आणि छपरावरची एरियल मोडून नेली. ती सीटखाली डोकं घालून पडून राहिली. उत्तरेकडून मालगाडी गेल्यासारखा आवाज गेला, बराच वेळ जात राहिला, आणि मग नुसता पाऊस उरला.

रेडिओ मेला होता. फोनला रेंज नव्हती. तिने लाथेने काच पाडली आणि वाटेतले पडलेले वीजखांब चुकवत वावरावावरातून गाडी काढली. दोन मैलांना पाऊण तास लागला. शाळेच्या कोपऱ्यावर आली तेव्हा व्यायामशाळेला छप्पर नव्हतं. दक्षिणेची भिंत टेबलांवर झोपली होती. पुढच्या टेबलाचा तर पायही दिसत नव्हता. शेजारची जुनी दगडी शाळा मात्र कौलं हरवून उभी होती. तिच्या तळघराच्या दाराकडे लिओटा धावली, आणि पायऱ्यांवरच तिला व्हर्जिलचा आवाज आला.

तो नावं पुकारत होता.

अंधारात कोण आहे, कोण नाही, हे मोजायला दुसरा उपाय नव्हता, आणि जेवणाच्या हजेरीची यादी त्याच्या कोटाच्या खिशातच होती. माइक नव्हता, घसा बसला होता, तरी पठ्ठ्या जुन्या वर्गापासून शिस्तीत पुकारत होता. सगळ्यात जुन्या वर्गातली अठ्ठ्याण्णव वर्षांची हेझल केव्हाच ‘हजर’ म्हणून खुर्चीत बसली होती. ‘हजर.’ ‘हजर.’ मधूनच एखादं हळू ‘नाही’, पण ते जुनंच, मागच्या साली किंवा त्याआधी गेलेल्यांचं. लिओटा भिंतीला धरून उतरत होती. गुडघा सुजला होता, धाप लागली होती. खाली मोबाइलच्या उजेडात दोनशे चेहरे धुळीने पांढरे झालेले.

“चौऱ्याहत्तरचा वर्ग,” व्हर्जिल म्हणाला. एकेक करत नावं झाली, स्वतःचं नाव त्याने घेतलं आणि स्वतःच हजर म्हटलं. मग वर्गातल्या शेवटच्या नावाशी थांबला. “लिओटा कास्पर.”

व्हर्जिलने यादी उजेडाला आणखी जवळ धरली.

“लिओटा कास्पर.” आवाज फाटला.

रिवाजाप्रमाणे आता त्या वर्गातल्या कुणीतरी ‘नाही’ म्हणायचं होतं. आठजण तिथेच उभे होते. भोंग्याबरोबर कर्टिसने फोनवर धाडलेला निरोप सगळ्यांनी वाचला होता, टोर्नेडो तिच्या उंचवट्यावरूनच आला हे सगळ्यांना कळलं होतं. पण आठांतल्या एकानेही तोंड उघडलं नाही. ऑर्वल चांदीच्या कागदाने झाकलेली एक थाळी छातीशी धरून समोर बघत होता.

व्हर्जिलने यादीवरचं बोट हलवलं नाही. “पुढचं नाव मी घेणार नाही,” तो म्हणाला. “ती येईपर्यंत इथेच थांबू. काय रात्र काढायची ती काढू.”

“हजर,” लिओटा पायरीवरून म्हणाली. धापेने तो शब्द अर्धाच फुटला, म्हणून तिने सगळ्या ताकदीनिशी पुन्हा म्हटलं, “अरे हजर! हजर आहे मी!”

हजेरीत ज्याचं नाव त्यानेच उभं राहायचं असतं. त्या दिवशी एकोणीसशे चव्वेचाळीसपासून दोन हजार तेवीसपर्यंतचे सगळे वर्ग उभे राहिले. हेझल दोघांच्या खांद्यांना धरून उठली. टाळ्या अशा झाल्या की दगडांतून चुन्याची माती झडली. निळ्या ड्रेसच्या चिंध्या झालेली, केसांत काच अडकलेली आमची भोंगाबाई मधोमध उभी राहिली आणि तिला हात कुठे ठेवावे ते कळेना.

गर्दी कापत ऑर्वल आला. त्याने थाळी पुढे केली.

“हे घेऊन पळालास? माणसं जीव घेऊन पळतात.”

“तुझं पान होतं,” ऑर्वल म्हणाला. “मागच्या वेळी कुत्र्यांनी खाल्लं होतं.”

तिने कागद काढला आणि तिथेच उभ्याने थंडगार बीफ हाताने खायला सुरुवात केली. व्हर्जिलने डोळे पुसले, घसा खाकरला आणि यादी पुन्हा उजेडात धरली.

“गप्प बसा सगळे,” तो म्हणाला. “पुढचा वर्ग, पंचाहत्तर.”

त्या संध्याकाळी यादीत एकही नवा ‘नाही’ आला नाही.