ओल्याच्या नव्या तारा

कालव्याच्या पुलापर्यंत दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलली नव्हती. पुढे ओल्या, पाठीवर बेस गिटारची काळी पिशवी. मागे दोन पावलांवर त्याची बायको, सगळ्या बँडची वहिनी, एका हातात पाण्याची बाटली आणि खांद्याला पर्स. सरावाच्या हॉलपासून घर बरंच लांब होतं. बसगाड्या जात होत्या, रिकाम्याही जात होत्या. पण राग आला की ओल्या वाहनात पाय ठेवत नसे. लग्न झाल्यावर वहिनीला हे लवकरच कळलं होतं, आणि असल्या दिवसांसाठी तिच्या सपाट चपला दाराशी तयार असत. आज मात्र ती टाचांच्या सँडल घालून आली होती. आज नव्या तारांचं कौतुक होणार होतं, आणि दुसऱ्या बाईने दिलेल्या तारांचं कौतुक ऐकायचंच असेल तर आपण निदान नीटनेटकं दिसावं, एवढाच तिचा हिशेब.

पुलाच्या कठड्याला पिशवी टेकवून ओल्या थांबला.

"भिकार तारा," तो म्हणाला.

"हो ना," वहिनी लगेच म्हणाली. जरा जास्तच लगेच.

टाचा हुळहुळल्या होत्या, ऊन डोक्यावर होतं, नवरा धुमसत होता. आणि वहिनी मनातून खुशीत होती. हे चांगलं नाही हे तिला कळत होतं. रोज सकाळी देवापुढे हात जोडणारी बाई ती. देवाने आत्ता आपल्या पोटात डोकावून बघितलं तर काय म्हणेल, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. पण देवाने तारांच्या दुकानातला तो प्रसंगही बघितलाच असेल ना, मग त्यालाही समजेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

ओल्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बँडमधल्या लोकांनी ठेवलेलं. त्याच्या तळहातांना बारा महिने घाम. लग्नाआधी पहिल्यांदा त्याने तिचा हात हातात घेतला तेव्हा तिला वाटलं, हा माणूस आत्ताच हात धुऊन आलाय आणि पुसायचं विसरलाय. दिवसा तो चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासायचा, तेही सुती हातमोजे घालून. नाहीतर प्रत्येक भिंगावर त्याच्या बोटांचे ठसे. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "हा आमच्याकडे असेपर्यंत चोरी व्हायची नाही. झाली तर लगेच सापडेल." ओल्याही त्यावर हसायचा. गरीब स्वभावाचा माणूस. त्याचा राग आणि त्याचा आनंद दोन्ही एकाच ठिकाणी राहायचे, त्या चार जाड तारांत.

आणि त्या तारांनाच त्याच्या हातांचं वावडं. बेसच्या तारेवर बारीक तारेचा घट्ट वेढा असतो. त्या वेढ्याच्या फटींत घाम आणि मळ जाऊन बसतो, आणि तार मरते. दुसऱ्यांच्या तारा वर्षभर टिकत, ओल्याच्या महिन्याभरात मरत. मेलेली तार वाजते, पण बोलत नाही. नुसतं ढब, ढब. दर वेळी नवा संच आणणं परवडणारं नव्हतं, म्हणून कोणीतरी सांगितलेला उपाय वहिनीने उचलला. तारा सोडवायच्या, वेटोळं करायचं, जुन्या पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकायच्या. पाण्यावर करडा तवंग आला की काढायच्या, जाड फडक्याने कोरड्या करायच्या, पंख्याखाली टांगायच्या. पाणी उकळेपर्यंत ती देवाचं नाव घेत उभी राहायची. उकळलेली तार पुन्हा काही दिवस बोलायची. ओल्या गिटारचं डोकं कपाटाच्या लाकडी दाराला टेकवून वाजवायचा, म्हणजे अख्खं कपाट गुणगुणायला लागायचं, आणि वहिनी दाराला कान लावून सांगायची, "दुसरी अजून जड आहे." तिला सूर-ताल काही कळत नव्हतं, पण जिवंत तार कोणती आणि मेलेली कोणती, हे तिला कळायचं. पावडरही तिचीच युक्ती. गाण्यागाण्याच्या मध्ये ती डबी उघडून पुढे करायची, ओल्या बोटांची टोकं बुडवायचा. ड्रमवाला म्हणायचा, "वहिनी, बाळाला तीट पण लावा." लावा म्हणू दे. स्टेजच्या कडेची ती खुर्ची तिची होती.

मग मास्तरांनी बोलून दाखवलं. मास्तर म्हणजे बँडचे म्होरके. सगळ्यांसमोर म्हणाले, "ओल्या, तुझा बेस झोपलाय. मागे कोणीतरी घोरतंय असं वाटतं. पुढच्या रविवारी मी दुसरा एक वाजवणारा बोलावलाय. तुम्हा दोघांचं ऐकतो आणि काय ते ठरवतो." इतकी वर्षं एकत्र वाजवलेलं, आणि निकाल असा उभ्याउभ्या.

त्याच संध्याकाळी ओल्या तारांच्या दुकानात गेला, आणि वहिनीही गेली. दुकान एका बाईचं. स्वतः वाजवणारी, केस आखूड, बोटं कोरडी ठणठणीत. वहिनीने मनातल्या मनात तिचं नाव तारवाली ठेवून टाकलं. तारवालीने सगळं ऐकून घेतलं आणि काउंटरवरून हात पुढे केला. "हात बघू." ओल्याने लहान मुलासारखा हात दिला. तिने तो दिव्याखाली उलटा केला, बोटं एकेक करून दाबली, आणि स्वतःच्या रुमालाने पुसला. दोन क्षणांत तळहात पुन्हा ओला. "वा," ती म्हणाली, "तुमच्यासाठीच तर ह्या तारा केल्यात." तिने एक पाकीट फोडलं. ह्या तारांवर अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारा लेप असतो, फटींत घाम शिरतच नाही, असं ती सांगत गेली आणि बोलता बोलता स्वतःच्या हाताने तारा चढवूनही मोकळी झाली. "आठवडाभर वाजवून बघा. नाही आवडल्या तर परत आणा." मग वहिनीकडे बघून हसली. "वहिनी, तुमची उकळण्याची कटकट गेली बघा."

कटकट. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येईपर्यंत ओल्या त्या बाईचे गोडवे गात होता: काय माहिती आहे तिला, काय हात आहे. वहिनी हं हं करत होती. पातेलं तिने घासून फळीवर उपडं घातलं, इतकं आपटून की शेजारीण म्हणाली, काय पडलं का हो. आठवड्यात तिने त्या तारांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ओल्या कपाटाला टेकवून वाजवायला बसला की ती बाहेर कपडे वाळत घालायला जायची. वाळलेले कपडेसुद्धा पुन्हा झटकून वाळत घालायची.

आणि आज सरावात त्या तारांनी दगा दिला. दुसऱ्याच गाण्यात ओल्याची बोटं साबणावरून घसरावीत तशी घसरायला लागली. वहिनीने दर गाण्यानंतर डबी पुढे केली, नेहमीसारखी. तिसऱ्या गाण्याला तिचं लक्ष तारांकडे गेलं आणि तिला दिसलं. तारेवर पांढरट खळीसारखा थर होता. जुन्या तारेच्या खरखरीत वेढ्यात पावडर मुरून जायची. ह्या गुळगुळीत लेपावर ती मुरायला जागाच नव्हती. घामात कालवून ती नुसती लिबलिबीत होत होती. दोष तारेचा नव्हताच. डबी बंद केली की काम झालं असतं.

वहिनीने डबी बंद केली नाही. मध्यंतरात तिने ती पुन्हा पुढे धरली. दुसऱ्या भागात ओल्याचा एक ठोका सरळ चुकला, मास्तरांनी मान हलवली, आणि बाहेर येऊन ओल्याने तारवालीला फोन लावला. "भिकार तारा आहेत तुमच्या. उद्या आणून टाकतो." वहिनी शेजारी उभी राहून शब्द न् शब्द ऐकत होती. फार दिवसांनी कानाला काहीतरी बरं वाटलं होतं.

आता पुलावर ओल्याने बाटलीतलं पाणी प्यायलं आणि तोंड पुसलं.

"मी रविवारी जाणारच नाही," तो म्हणाला. "मास्तरांना आजच सांगतो, त्या दुसऱ्याला घेऊन टाका. त्यांनी मला काढण्यापेक्षा मीच निघालेलं बरं."

"असं कसं?"

"असंच. जुन्या तारांवर घोरतो, नव्यांवर घसरतो. तिसरं काय राहिलं? कपाटावर टाकून देतो ही. रविवारी घरी बसत जाईन. तुलाही बरं, माझ्यामागे फिरायला नको."

वहिनीच्या डोळ्यांपुढे ते घरी बसणं उभं राहिलं. मागे एकदा खांदा निखळला होता तेव्हा ओल्याला वाजवायची बंदी होती. तो खुर्चीत बसून टेबलावर बोटं आपटायचा, आणि बोटं आपटून झाली की घरातले सगळे चष्मे गोळा करून पुसायचा. तिचा चष्मा ती वाचत असताना नाकावरून काढून न्यायचा. तेव्हा तो सबंध तिचाच होता, आणि तिला तो नकोसा झाला होता. असा नवरा जिंकून करायचं काय? तारवालीला हरवायला निघाले आणि ह्यालाच घालवून बसतेय, हे तिच्या मनात आलं.

"अहो," ती म्हणाली, "पावडर."

"काय पावडर?"

"पावडर लावू नका. ह्या तारांवर ती चालत नाही. तिचा चिखल होतो, म्हणून बोटं घसरतात. तारा चांगल्या आहेत."

ओल्या तिच्याकडे बघतच राहिला. "तुला केव्हा कळलं?"

"तिसऱ्या गाण्याला."

"आणि मध्यंतरात डबी कोणी धरली होती?"

"मी."

"का?"

वहिनीने कालव्यातल्या पाण्याकडे पाहिलं. "ती तुमचा हात धरून उभी होती."

"कोण?"

"कोण म्हणे. तुमची तारवाली."

"अगं, घाम बघायला धरला. डॉक्टर धरतो तसा."

"डॉक्टर स्वतःच्या रुमालाने पुसत नाही."

ओल्या ओरडला नाही. ओरडला असता तर वहिनीला सोपं गेलं असतं. मग पिशवी उचलून तो पुलाच्या पलीकडच्या बागेत शिरला. ती मागोमाग गेली. नळावर त्याने हात कोपरापर्यंत धुतले, बाकावर बसला, गिटार बाहेर काढली. वहिनीने न सांगता बाटलीतलं पाणी ओढणीच्या टोकावर घेतलं आणि चारही तारा वरपासून खालपर्यंत पुसल्या. पांढरा थर निघून आला. मग कोरड्या टोकाने पुन्हा पुसल्या.

ओल्याने गिटारचं डोकं बाकाच्या लाकडी पाठीला टेकवलं. "कान लाव."

तिने कान लावला. त्याने सगळ्यात जाड तार छेडली.

फळीतून जो आवाज आला तो तिने ह्याआधी त्याच्या हातून कधी ऐकला नव्हता. खोल, आणि तरी स्वच्छ. मागे काही फरफटत येत नव्हतं. तो वर गेला, खाली आला, बोट एकदाही निसटलं नाही. इतकी वर्षं पातेल्यापुढे उभं राहून तिने जो आवाज परत आणला होता, तो ह्याच्यापुढे पडशाने बसलेला होता. हे कळलं तेव्हा तिला दुकानातल्यापेक्षाही जास्त लागलं. तारवालीने त्याचा हात धरणं परवडलं. पण तिचं खरं निघणं फार जड गेलं. देवा, वहिनी मनात म्हणाली, निदान खोटं तरी बोलायला लावू नकोस.

"कसा आहे?" ओल्याने विचारलं.

"चांगला आहे."

"उकळलेल्यांपेक्षा?"

तिने कान फळीवरून काढला नाही. "हो. पुष्कळ."

ओल्याने मान डोलावली आणि पुन्हा वाजवायला लागला. समोरच्या वाटेने जाणारं एक म्हातारं जोडपं थांबलं. आवाज कुठून येतोय हे त्यांना कळेना, बाईचा कान बाकाला का चिकटलाय हेही कळेना. वहिनी तशीच बसून राहिली. आता डबी नको, पातेलं नको. पण रविवारी तो जाणार होता आणि दुसऱ्याच्या तोडीस तोड वाजवणार होता, हे त्या फळीतून तिला ऐकू येत होतं.

वाजवणं थांबवून ओल्याने गिटार पिशवीत घातली, चेन ओढली, आणि बराच वेळ चेनीशीच चाळा करत राहिला.

"एक काम करशील?" तो म्हणाला.

"काय?"

"उद्या दुकानात तू जा. मी तिला फोनवर वाट्टेल ते बोललोय, आता कुठल्या तोंडाने जाऊ? सांग, तारा ठेवून घेतोय, चूक आमच्या पावडरीची होती. आणि ह्या तारा रोज कशाने पुसायच्या, कधी बदलायच्या, ते सगळं तिच्याजवळ बसून नीट विचारून घे, माझ्या डोक्यात ते राहायचं नाही." तो उठला, पट्टा खांद्यावर चढवला. "आणि तिच्याशी जरा गोड बोल."