इइवीची हाक आणि माझा विनय

आखाती युद्ध चालू असताना रियाधमध्ये मी चारचौघांत हवाईचा अपमान केला. (हवाई बेटांचा! हवाई हल्ल्यांचा अपमान करायची माझी छाती नव्हती.)

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, आणि माझ्याच सात वर्षांच्या मनूचा आवाज गेला होता. पहिला सायरन वाजला त्या दिवसापासून पोरगी गप्प. घसा मी स्वतः तपासला. ठणठणीत! पण तोंडातून शब्द म्हणून फुटेना. बायको, सुलभा, रोज म्हणायची, "अहो, जगाचे घसे बरे करता, हिचं काय?" मी गॅस आत येऊ नये म्हणून खिडकीला लावलेली चिकटपट्टी नीट करत असल्याचं नाटक करायचो.

शेजारच्या केआलानीबाई हवाईच्या. शाळा बंद, म्हणून त्यांनी हॉस्पिटलच्या कॉलनीतली पोरं हॉलमध्ये गोळा केली आणि आपल्या बेटांवरचे पक्षी शिकवायला घेतले. मनूही जाऊन बसायची. एकदा मी दारात उभं राहून ऐकलं आणि तिथेच खिळलो. इइवी नावाचा लालभडक पक्षी, चोच विळ्यासारखी, आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा! जुने पारधी म्हणे काही पक्ष्यांची दोन-चार पिसंच घेत आणि त्यांना सोडून देत. त्या पिसांचा राजाचा एक झगा पुरा व्हायला पिढ्या जात. केवढा हा धीर! आम्हाला सायरन थांबेपर्यंत दम निघत नव्हता.

शेवटी पोरांचा कार्यक्रम ठरला. मनूला इइवीची हाक द्यायची होती.

"देईल?" मी विचारलं.

"देईल तेव्हा देईल," बाई म्हणाल्या.

पाहुणा म्हणून मला बोलावलं. (बाकीचे डॉक्टर ड्यूटीवर होते.) पोरांनी आठवडाभर कापलेल्या लाल-पिवळ्या कागदी पिसांचा हार बाईंनी माझ्या गळ्यात घातला. आता आमच्या साताऱ्यात रीत अशी, की हार पडला की लगेच काढून टेबलावर ठेवायचा. गळ्यात मिरवतो तो इलेक्शनचा उमेदवार! मी विनयाने हार काढला. पोरांनी आ वासला.

बाईंना वाटलं, टोचला असेल. त्यांनी दोरा सारखा करून पुन्हा घातला. मला वाटलं, आग्रह! आपल्याकडे आग्रह झाला की विनय वाढवायचा. कॉलनीचे सुदानी मॅनेजर उस्मानभाई, त्यांनी सकाळपासून खुर्च्या लावल्या होत्या. मी हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. "खरा मान यांचा!" टाळ्या वाजवल्या फक्त मी.

एक पोरगं मुसमुसायला लागलं. बाईंचे डोळे भरले. "अहो, बसा खाली!" सुलभा दात-ओठ खात म्हणाली. मला वाटलं, माझ्या नम्रतेने सगळे हेलावलेत! उस्मानभाईंचा हार उतरवून मी तो खुद्द बाईंनाच घालायला निघालो, तोच स्टेजवरून किंकाळी आली.

"बाबाऽऽ! देणाऱ्यासमोर हार काढायचा नसतो! आन्टींनी दहादा शिकवलंय! किती लाज आणता!"

मनू!

हार माझ्या हातात, हात हवेत. मनू तरातरा आली, हार हिसकून माझ्या गळ्यात घातला, "आता हात लावायचा नाही" असं बजावलं आणि परत जागेवर जाऊन उभी राहिली. बाईंनी डोळे पुसले आणि खोल आवाजात त्यांच्या भाषेतलं स्तवन सुरू केलं. एकेक पोर आपापल्या पक्ष्याची हाक देऊ लागलं, आणि त्या सगळ्यांच्या वर एक बिजागरी करकरली. मनूची इइवी! चिकटपट्ट्या मारलेल्या त्या बंद हॉलमध्ये अख्खं रान उभं राहिलं. कोपऱ्यात गॅस मास्कची खोकी, आणि मी आपला ढसाढसा रडतोय. देवाशपथ सांगतो, तसं काही मी पुन्हा आयुष्यात ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत इजिप्शियन सहकाऱ्याने गाठलं. "डॉक्टर, मुलगी बोलली म्हणे! कशाने?"

"माझ्या मूर्खपणाने."

"मात्रा किती लागली?"

"तीन डोस. पण काळजी नको, बायको म्हणते घरात साठा भरपूर आहे!"