चार जणांचं गाऱ्हाणं

मी शास्त्र शिकवणारा मास्तर. वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली की त्याला बाकावर उभा करायचो. त्यामुळे हे लिहायला हात धजावेपर्यंत माझी नोकरीही संपली...

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही कोल्हापुरातले चार शिक्षक. सुट्टी लागली की भाड्याची जीप काढायची आणि एका दिवसात पोचता येईल अशी मुक्कामाची जागा हुडकायची. डोंगर, पाणी आणि तंबू ठोकायला सपाटी, एवढंच हवं. ड्रायव्हर नेहमी दत्तोबा. त्या हिवाळ्यात फोंडा घाट उतरून मसुऱ्याजवळच्या एका सड्यावर गेलो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. खाली खाडी, कडेला झरा. जागा फर्स्ट क्लास होती.

जीप पायथ्याशी ठेवली. वाट दाखवायला वाडीतले घाडी आले. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचं. राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, सांगितल्याशिवाय इथं कुणी वस्ती करत नाही, असं म्हणाले. आम्ही एकमेकांना डोळे मिचकावले. त्यांनी दगडापुढे नारळ ठेवला आणि विचारलं, "कितकी जणा आसात?"

"चार," मी म्हणालो. दत्तोबा खाली जीपमध्येच झोपायचा. ड्रायव्हरला कोण मोजतो!

"बा म्हाराजा," घाडींनी हात जोडले, "ही चार लेकरा तुझ्या जाग्यार रवतली. चारय जणांका सुखरूप घराक धाड."

दुपारी चारच्या सुमाराला दत्तोबा आमच्या वळकट्या घेऊन वर आला. चहा प्याला. संध्याकाळसाठी म्हणून मी त्याला किटली भरून दिली. तो निघाला. कडेपर्यंत दोनशे पावलं असतील, मध्ये झाड नाही, झुडूप नाही. जपून उतर म्हणून मी हाक दिली, त्याने वळून हात केला. तेवढ्यात आमच्यातल्या जोशींनी काडेपेटी मागितली. ती देऊन मी मान वर केली — सडा रिकामा.

किटली पाऊलवाटेच्या मधोमध नीट ठेवलेली. झाकण लावलेलं. चहा कढत...

दोन दिवस सगळी वाडी आमच्याबरोबर शोधत होती. पोलीसही आले. दत्तोबाची चप्पलसुद्धा मिळाली नाही. निघताना घाडी माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तरांनू, तुमी माका चार सांगितल्यात. चारय जणा घराक चललास. पाचव्याचा मी बोलूकच नाय."

योगायोग, असं मी स्वतःला बजावत राहिलो. कोल्हापुरात दत्तोबाच्या बायकोला सगळं सांगितलं, गाऱ्हाण्यासकट. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "चार कसं सांगितलंसा, मास्तर? आमचं मालक तुमच्यासंगं न्हवतं व्हय?"

त्या उघड्या सड्यावर दत्तोबा गेला कुठे, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र होतं. ड्रायव्हरला मी मोजलंच नव्हतं.