बुटातला हरभरा

सगळे खाली बसून बूट झटकत होते. वानखडे काका तेवढे उभे होते, काठीला टेकून, बाकीच्यांची गंमत बघत.

इंडोनेशियातल्या एका ज्वालामुखीवरचा आमचा तीन दिवसांचा ट्रेक. पहिलाच दिवस. ग्रुप सगळा नागपूरचा. आपल्या विदर्भातला काळा दगडही कधीकाळी लाव्हाच होता, पण तो थंड होऊन युगं लोटली. इथली वाट अजून ताज्या, धारदार खडीची. चढताना पाय घसरतो आणि बुटात खडे शिरतातच. थोड्या थोड्या वेळानं कोणीतरी कळवळून थांबायचं. काका सकाळपासून एकदाही थांबले नव्हते.

मी या ग्रुपची लीडर. सगळ्यांत मागे चालणाऱ्याला आमच्यात स्वीप म्हणतात. त्या दिवशी स्वीपही मीच होते, त्यामुळे प्रत्येकाची चाल मागून दिसत होती. या कामात माझा स्वभाव संशयी झालाय, हे मान्य. पाय दुखतो म्हणणाऱ्याची मला फारशी काळजी वाटत नाही. मला काहीच होत नाही म्हणणाऱ्याच्या मात्र मी मागेच लागते.

"काका, तुमच्या बुटात खडे नाही गेले?"

"माहा बूट भारी आहे वं पोरी."

बूट साधाच होता. मी बघितला होता.

संध्याकाळी कॅम्पवर फूट चेक असतो. म्हणजे सगळ्यांनी मोजे काढून तळवे दाखवायचे, मी फोड, जखमा बघते. काका थंडी वाजते म्हणून तंबूत शिरले ते बाहेरच आले नाहीत. मी काकूंकडे सहज विषय काढला. काकू हसल्या. म्हणाल्या, ते त घरीही मोजे घालूनच झोपतात, मे महिन्यातसुद्धा, कूलरची हवा पायाले लागते म्हणे.

नागपूरच्या मे महिन्यात मोजे! मी तंबूत पडल्या पडल्या नाही नाही ते तर्क केले. त्वचेचा रोग असेल, जुनं ऑपरेशन लपवत असतील. हा माणूस काहीतरी लपवतोय, एवढं मात्र मला पक्कं वाटत होतं, आणि त्याचा रागही येत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ज्वालामुखीच्या पोटातल्या तळ्याकाठी उतरलो. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. लोक खालच्या कोमट डबक्यात बसतात. जिथे पाणी खडकातून बाहेर पडतं, तिथे कोणी जात नाही. मी पोर्टरांशी उद्याच्या चढाचं बोलत होते, तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. काका नेमके त्या खडकापाशी बसले होते. मोज्यांसकट पाय पाण्यात.

"आपण नागपूरचे," ते सगळ्यांना सांगत होते, "आपल्याले गरमीचं काय कौतुक?"

कोणीतरी व्हिडिओ काढत होतं. बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं मी कोपर बुडवून बघितलं आणि झटकन मागे घेतलं. मग विचारपूस करत बसले नाही, सरळ त्यांचे पाय ओढून बाहेर काढले आणि मोजे उतरवले. दोन्ही तळवे लालबुंद. उजव्या अंगठ्याच्या मागे एक काळा खडा मांसात रुतलेला. कालचा. काका त्याकडे दुसऱ्या कोणाचा पाय असल्यासारखे बघत राहिले.

टाळ्या थांबल्या. काकूंनी विचारलं, कधीपासून? जुनी शुगर आहे हे त्यांना माहीत होतं. पायांना काही लागलेलं कळत नाही, हे काकांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी शिखर होतं, आणि काका त्यासाठीच आले होते.

मी त्यांना पोर्टरांबरोबर खाली पाठवायचं ठरवलं. ते भडकले.

"मले दुखून नाही राहिलं, मंग तू काहून थांबवून राहिली?"

एका खडकावर चढलं की रेंज यायची. तिथून नागपूरला, प्रताप नगरच्या आमच्या ऑफिसात, कंपनीच्या मालकांना म्हणजे सरांना फोन लावला. ते म्हणाले, "काकांच्या शब्दावर अख्खी कॉलनी आपल्याकडे आली आहे. दुखत नाही म्हणतात ना? चढू दे."

"सर, दुखत नाही म्हणूनच खाली पाठवते आहे."

काकू काकांबरोबर उतरल्या. बाकीचे शिखरावर गेले, पण माझ्याशी धड कोणी बोललं नाही. नागपूरला परतले, तर काकांची माझ्याविरुद्ध तक्रार माझ्याआधी पोचली होती. सरांनी मला पुढची टूर दिली नाही.

काकांच्या जखमेत पू झाला. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. आणखी एक दिवस चालले असते, तर पाऊलच गेलं असतं, असं डॉक्टरांनी काकूंना सांगितलं. ते काकूंनी सरांना फोन करून ऐकवलं. मग मला टूर मिळाली.

आमच्या ऑफिसात गणपती आहे, त्यामुळे ट्रेकआधीच्या ब्रीफिंगला येणारे चपला-बूट दाराबाहेरच काढतात. आता ब्रीफिंग चालू असताना मी हळूच बाहेर जाते आणि प्रत्येक उजव्या बुटात एकेक हरभरा टाकते. निघताना सगळ्यांना कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत चहाला नेते. चार पावलांत लोक थांबतात, वैतागतात, बूट झटकतात. जो चहापर्यंत तसाच चालत येतो, त्याला बाजूला घेऊन मी मोजे काढायला लावते.

मध्यंतरी काका काठी टेकत ऑफिसात आले. मी त्यांना हरभऱ्याचं सांगितलं. त्यांनी दारातल्या बुटांकडे बघितलं.

"मंग तवाच काहून नाही टाकला वं?" ते म्हणाले.