कॅमेरा आमच्या खांद्यावर ठेवणाऱ्या विजयाताई

विजयाताईंची आणि माझी पहिली भेट आमच्या ओटीवर झाली. नव्वदीची सुरुवात होती. मी ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात नुकतीच सून म्हणून आले होते. ताई डोंबिवलीतल्या एका लहान संस्थेत काम करायच्या. गावोगावच्या बायकांनी आपलं म्हणणं आपणच मांडावं, म्हणून त्या त्यांना व्हिडिओ कॅमेरा शिकवायच्या. शीळफाट्याला एसटी बदलून त्या आल्या, तेव्हा एका हातात कॅमेऱ्याची जड पेटी होती आणि दुसऱ्या हातात चिखलाने भरलेल्या चपला.

मला वाटलं, आपलं चित्रण होणार. मी पदर सारखा केला. ताईंनी कॅमेरा माझ्याच खांद्यावर ठेवला.

"काय दिसतंय?"

"सासूबाई."

"मग विचार त्यांना, गावात त्रास कशाचा आहे."

सुनेने सासूला असं विचारायची आमच्या घरात ती पहिलीच वेळ. सासूबाई मात्र मोकळेपणी बोलल्या. आमच्याकडे होड्या लागायला धक्का नव्हता. ओहोटीला मासळीच्या टोपल्या घेऊन बायकांना होडीपासून काठापर्यंत चिखल तुडवावा लागे.

पुढे सासूबाईही चित्रण शिकल्या. त्यांनी टोपल्या वाहणाऱ्या बायकांचे फक्त पायच टिपले. आम्ही हसलो. त्या म्हणाल्या, "तोंडा कशाला दाखवाची? चिखल तं पायाला लागतं."

ताईंनी ते चित्रण तसंच ठेवलं. बायकांनी टिपलेलं त्या कधी बदलत नसत.

हे कळताच गावचे पाटील चिडले. गावाची लाज बाहेर नेता म्हणून त्यांनी ताईंकडे कॅसेट मागितली. ताई शांतपणे म्हणाल्या, "कॅसेट या बायकांची आहे. त्यांना विचारा."

मागच्या मागे पळावं असं मला वाटत होतं. पण सासूबाई पुढे झाल्या. "आधी बघा, मंग बोला."

देवळापुढे टीव्ही लावला. सारा गाव जमला. पडद्यावर एक पाय घसरला, टोपली कलंडली आणि मागून हसण्याचा आवाज आला. गर्दीत मागे बसलेल्या पाटलीणबाई स्वतःचाच पाय ओळखून हसत होत्या. पाटलांनी बायकोकडे पाहिलं.

"तू पडलेलीस? बोलली नाहीस."

"रोज काय सांगायचं?"

पाटील उठून टीव्हीपाशी आले. मग म्हणाले, "बंदर खात्याच्या साहेबांना हे दाखवा. मीपण येतो."

साहेबांच्या कचेरीत सगळे प्रश्न ताईंनाच विचारले जात होते. त्या दर वेळी खुर्ची सरकवून आमच्याकडे बोट करायच्या. शेवटी साहेब आमच्याशी बोलू लागले. यथावकाश धक्का झाला.

नंतर मी ताईंच्याच संस्थेत शिकवू लागले. कल्याणला माझं पहिलं शिबिर ठरलं आणि नेमकी माझी तान्ही मुलगी किरकिरी झाली. मी नाही म्हणणार होते. ताई म्हणाल्या, "तू जा. मी थांबते तिच्याजवळ." तोवर संस्थेच्या प्रमुख झालेल्या ताई दिवसभर आमच्या घरी पाळणा हलवत बसल्या. मी परतल्यावर सासूबाईंनी निकाल दिला, "तुमच्या ताईंना दुपटं बांधता येत नाय. गानी बरी म्हनतान."

ताई त्यावर अजूनही मनापासून हसतात.

आज ताईंची पंचाहत्तरी पूर्ण होत आहे. त्यांच्यामुळे बोलायला शिकलेल्या आम्हा सगळ्याजणींचं एवढंच मागणं आहे: ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य मिळावं, आणि आमची बडबड ऐकायचा त्यांना कधी कंटाळा येऊ नये.